लॅटीन शीड की सेटी शीड? पुढचा कोपरा बघा

सोलापुरातून समुद्र अडीचशे किलोमीटरहून लांब, पण कापड आपल्या घरचं. एक चौरस नॅपकिन घ्या, कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडा. तयार झालेल्या त्रिकोणाच्या लांब कडेला काठी बांधा आणि ती काठी डोलकाठीवर तिरकी टांगा, पुढचं टोक खाली, मागचं वर. हे झालं लॅटीन शीड. आता पुढचा खालचा कोपरा चार बोटं आत मुडपा. तिथे एक आखूड उभी कड येते आणि तीनाच्या चार बाजू होतात. हे सेटी शीड.

लांबून दोन्ही त्रिकोणीच भासतात. ढाऊ म्हणजे अरबांच्या पारंपरिक शिडाच्या जहाजाच्या फोटोखाली सर्रास ‘त्रिकोणी शीड’ लिहितात; नीट पाहिलं तर पुष्कळदा ती आखूड कड दिसते. तिचा फायदा असा, की तेवढ्याच लांबीच्या काठीवर जास्त कापड मावतं. नाईल नदीतल्या फेलुका होड्यांवर मात्र अस्सल लॅटीन दिसतं.

अडचण दोघांची एकच. वारा दुसऱ्या बाजूने घ्यायचा तर ती लांब, जड काठी डोलकाठीच्या पलीकडे न्यावी लागते. म्हणून खलाशी बहुधा जहाजाची पाठ वाऱ्याकडे करून वळसा घेत.

कोलंबसाच्या ‘नीना’ जहाजावर १४९२ साली निघताना लॅटीन शिडं होती. कॅनरी बेटांवर ती उतरवून आडव्या काठीची चौकोनी चढवली, कारण पुढे वारा पाठीमागून मिळणार होता.

आपल्या मराठा आरमारातलं गलबत मला यात सर्वांत प्रिय. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनानुसार ते सहसा ७० टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. मुख्य डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, आणि ते चढवलं की त्याचं टोक डोलकाठीच्याही खूप वर जाई. शिवजयंतीच्या फलकांवर मात्र मला गलबत म्हणून युरोपीय जहाजाची आडवी चौकोनी शिडं रंगवलेली दिसतात, आणि खरंच वाईट वाटतं. चित्रकार मित्रांनो, पुढच्या वेळी मुख्य डोलकाठीवर एकच शीड काढा, तिरकं, तीन बाजूंचं, डोलकाठीपेक्षा उंच गेलेलं.