याद बेयाद द्विभाषिक शाळा, जेरुसलेम

इस्रायलमधील जेरुसलेम शहरात ज्यू आणि अरब मुलामुलींना हिब्रू व अरबी या दोन्ही भाषांतून एकत्र शिकवणारी शाळा. स्थापना १९९८. इंग्रजीत ती 'हँड इन हँड' या नावाने ओळखली जाते. नावाचा अर्थ 'हातात हात'. हाताला हिब्रूत 'याद' म्हणतात, अरबीत 'यद'. दोन्ही भाषांना एकच नाव पुरले.

इस्रायलमध्ये ज्यू आणि अरब मुलांच्या सरकारी शाळा मुळातच वेगळ्या असतात. ज्यूंमध्येही धार्मिक शाळा निराळ्या, आणि कर्मठ वस्त्यांत मुलगे-मुलीही वेगळे शिकतात. अशा शहरात सहशिक्षण या शब्दाला दुहेरी वजन येते. १९८४ साली नेवे शालोम–वाहत अल-सलाम येथे अशी शाळा निघाली होती, पण ते गावच ज्यू-अरबांनी एकत्र राहण्यासाठी वसवलेले. एरवी दुभंगलेल्या शहरात हे करून दाखवणे अधिक अवघड होते. अमीन खलफ आणि ली गॉर्डन या अरब व ज्यू शिक्षणप्रेमींनी १९९७ मध्ये त्यासाठी संस्था काढली. पुढल्या वर्षी जेरुसलेम आणि उत्तर इस्रायलमधील गॅलिली येथे तिच्या पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या.

२००७ मध्ये जेरुसलेमची शाळा नव्या इमारतीत आली. एका बाजूला पात ही ज्यू वस्ती, दुसऱ्या बाजूला बेत सफाफा हे अरब गाव. १९४९ ते १९६७ या काळात इस्रायल-जॉर्डनची सीमारेषा या गावाच्या पोटातून जात होती. मधे कुंपण, आणि एकाच कुटुंबाची माणसे दोन देशांत. शाळेसाठी याहून समर्पक जागा सापडली नसती.

लहान वर्गांत दोन शिक्षक एकाच वेळी असतात, एक ज्यू आणि एक अरब. दोघे आपापल्या भाषेत बोलतात आणि एकाने सांगितलेले दुसरा भाषांतरित करत नाही. मुलांनी संदर्भाने समजून घ्यायचे. दोन्ही लिप्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जातात, त्यामुळे वही कुठल्या बाजूने उघडायची हा प्रश्न येत नाही. घराला 'बायित' आणि 'बैत', दिवसाला 'योम' आणि 'यौम', सूर्याला 'शेमेश' आणि 'शम्स': भाषा सख्ख्या बहिणी आहेत हे मुलांच्या कानांना आपोआप कळते.

तरी पारडे समान राहत नाही. अरब मुले दोन्ही भाषा सफाईने बोलू लागतात, ज्यू मुलांची अरबी मात्र मागे पडते. बाजारात, विद्यापीठात, नोकरीत हिब्रूच चालते. मधल्या सुट्टीतही मुले तिच्याकडेच वळतात. त्यात बोलीतली अरबी वेगळी आणि पुस्तकातली वेगळी, म्हणजे ज्यू मुलाला जवळजवळ दोन अरबी शिकाव्या लागतात. २०१८ च्या कायद्याने अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जाही काढून घेतला. समतेचा हेतू कितीही प्रामाणिक असला तरी रस्त्यावरची भाषा वर्गात शिरतेच, हे या शाळेने मनापासून प्रयत्न करूनच दाखवले आहे.

वर्षभरात हनुका हा ज्यूंचा दिव्यांचा सण, नाताळ आणि ईद येतात, आणि सण सगळ्यांचे असतात. कसोटी लागते ती मे महिन्याच्या आसपास. ज्यूंसाठी तो स्वातंत्र्यदिन, अरबांसाठी १९४८ च्या विस्थापनाची, म्हणजे नकबाची आठवण. दोन्ही कहाण्या वर्गात सांगितल्या जातात.

२९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री अतिरेकी ज्यू गटातील तरुणांनी पहिलीच्या वर्गाला आग लावली आणि भिंतींवर अरबद्वेषी घोषणा लिहिल्या. पुस्तके जळाली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शाळा भरली. त्याच डिसेंबरात व्हाइट हाउसमधील हनुका समारंभात शाळेच्या एका ज्यू आणि एका अरब विद्यार्थ्याने दिवे उजळले. हल्लेखोरांना पुढे कैद झाली.

बारावीची पहिली तुकडी २०११ मध्ये बाहेर पडली. शाळा सुटली की ज्यू मुलामुलींना सक्तीच्या लष्करी सेवेचे बोलावणे येते. अरब वर्गमित्रांपैकी बहुतेकांना ते येत नाही.