नवख्याला आत घेणं हे कुणाचं काम?

एकेकाळी दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी मुलं दाखल झाली, की यूजनेटवर, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरच्या जुन्या चर्चागटांत, नवख्या प्रश्नांचा पूर यायचा. महिन्या-दोन महिन्यांत ती तिथले रिवाज शिकायची आणि जुन्यांचा वैताग ओसरायचा. पुढे इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचू लागलं आणि पूर ओसरेनासा झाला. म्हणूनच १९९३ च्या सप्टेंबरला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणतात.

मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणीही पाहू-बदलू शकतो असं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्या सुरुवातीच्या पिढ्या याच वातावरणात घडल्या. ‘आधी मॅन्युअल वाच’ हे उत्तर तिथे रुळलेलं होतं. त्यामागचा थकवा मला कळतो. नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणारा माणूस तोच प्रश्न पन्नासाव्यांदा वाचत असतो. पण विचारणारा पहिल्यांदाच विचारत असतो आणि त्या एका उत्तरावर तो बहुधा कायमचा निघून जातो.

लिनक्सवर आधारलेली मुक्त संगणकप्रणाली तयार करणारा डेबियन प्रकल्पही १९९३ चाच. तो इतका वाढला, की १९९९ मध्ये नवे सदस्य घेणंच थांबवावं लागलं. २००० मध्ये दार पुन्हा उघडलं ते पायऱ्यांसह: जुन्या सदस्याची शिफारस, ओळखीची खातरजमा, मग प्रकल्पाच्या तत्त्वांची आणि प्रत्यक्ष कौशल्याची सविस्तर परीक्षा. ही कडक शिस्त गैर नव्हती, कारण सदस्यानं चढवलेलं पॅकेज (प्रणालीत बसवायचं तयार सॉफ्टवेअर) असंख्य संगणकांवर जातं. तरी एखाद-दुसरं पॅकेज सांभाळू इच्छिणाऱ्याला हा डोंगरच होता. त्याच्यासाठी मर्यादित अधिकारांची वेगळी पायरी यायला २००७ उजाडलं.

माझ्या मते खरं वळण २००६ चं. विद्यार्थ्यांना मुक्त सॉफ्टवेअरवरच्या कामासाठी मानधन देणाऱ्या गूगलच्या ‘समर ऑफ कोड’साठी, लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोम प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले आणि त्यांत एकाही स्त्रीचा नव्हता. मग ग्नोमनं त्याच उन्हाळ्यात फक्त स्त्रियांसाठी उपक्रम जाहीर केला, तर शंभरेक अर्ज आले. म्हणजे इच्छुक होत्याच, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. २०१० मध्ये हा उपक्रम पुन्हा उभा राहिला. त्यात अर्ज करतानाच मार्गदर्शकाच्या मदतीनं एक छोटं काम पूर्ण करायचं होतं. २०१५ पासून तो ‘आउटरीची’ या नावानं अनेक प्रकल्पांसाठी चालतो.

प्रकल्पात एकमेकांशी कसं वागायचं-बोलायचं हे सांगणाऱ्या आचारसंहिताही याच काळात आल्या. उबुंटू या लिनक्स प्रणालीनं ती २००४ मध्येच आणली होती. लिनक्स कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पानं, २०१८ मध्ये आणली, तेव्हा त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या कठोर बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

२०१० मध्येच सुरू झालेल्या लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरनं ‘ईझी हॅक्स’ या नावानं सोपी कामं वेगळी काढली. अशा सोप्या कामाची नोंद तयार करणं मात्र सोपं नसतं. जाणकार दहा मिनिटांत दुरुस्त करील तो बग तो मुद्दाम सोडून देतो आणि कोडमध्ये कुठे पाहायचं, अडल्यास कुणाला विचारायचं, हे लिहायला तास घालवतो. तो तासही त्याच्या त्याच रात्रीच्या मोकळ्या वेळातून जातो.