सर्वात लहान कण सर्वात चुकार नसतो

‘मास्क असतोच की तोंडावर!’ ऑपरेशन थिएटरमधल्या धुराचा विषय काढला की हे उत्तर ठरलेलं. मुळात तो मास्क सर्जनच्या तोंडातले तुषार जखमेवर पडू नयेत म्हणून असतो. उलट दिशेने, म्हणजे जखमेकडून नाकाकडे येणाऱ्या धुरासाठी तो बनवलेलाच नाही. कडांच्या फटींतून हवा सरळ आत शिरते.

हा धूर प्रामुख्याने कॉटरीचा, म्हणजे विजेने कापणाऱ्या आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाचा. विल्यम बोवी यांचं असं यंत्र हार्वी कुशिंग या मेंदूच्या सर्जननी १९२६ मध्ये वापरलं आणि त्यानंतर विजेने कापणं, रक्तस्राव थांबवणं जगभर रुळलं. उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने पेशीतलं पाणी उकळतं, पेशी फुटते. बाहेर पडतं त्यातलं सुमारे ९५ टक्के पाण्याची वाफ. उरलेल्या ५ टक्क्यांत बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड आणि पेशींचे तुकडे. लेझरने चामखीळ जाळताना निघालेल्या धुरात पॅपिलोमा विषाणूचा डीएनएसुद्धा सापडलेला आहे.

कॉटरीच्या धुरातले कण सरासरी ०.०७ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. एन-९५ मास्कची परीक्षा मात्र ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांवर होते. मग चौपट लहान कण तर आरामात निसटणार, नाही का? नाही! आपण फिल्टरला चाळणी समजतो, तिथे गफलत होते.

फिल्टर म्हणजे धाग्यांचं जंगल, आणि धाग्यांमधली अंतरं कणांपेक्षा बरीच मोठी असतात. हवा प्रत्येक धाग्याला वळसा घालून जाते. मोठ्या कणाला जडत्वामुळे ते वळण घेता येत नाही, तो धाग्यावर आदळतो आणि चिकटतो. मधला कण वळण घेतो, पण धाग्याच्या फार जवळून गेला तर त्याची कड घासते. अगदी बारीक कणाचं मात्र वेगळंच असतं. हवेचे रेणू त्याला चहूबाजूंनी धक्के देतात आणि तो सैरभैर, नागमोडी भटकतो. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये पाण्यातल्या सूक्ष्म कणांची पाहिलेली आणि आइनस्टाइननी १९०५ मध्ये उलगडलेली ती हीच गती. असा भटक्या कण धाग्यावर जाऊन धडकण्याची शक्यता खूप. त्यात गंमत अशी, की हवेच्या रेणूला दोन टकरींमध्ये मिळणारं मोकळं अंतरही साधारण ०.०७ मायक्रॉनच आहे. कण त्याच्याही खाली गेला की हवेचा विरोध झपाट्याने घटतो आणि भटकणं व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढत जातं.

म्हणजे खरे चुकार ते मधले, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे: जडत्व कमी, भटकणंही कमी. म्हणूनच धूर ओढणाऱ्या यंत्रातला अल्पा (ULPA, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारा) फिल्टर ०.१२ मायक्रॉनवर तपासतात. तिथेही तो ९९.९९९ टक्के कण अडवतो. एन-९५च्या धाग्यांवर विद्युतभार असतो, त्यामुळे त्याचा सर्वात कच्चा आकार आणखी खाली सरकतो, पण ते गणित इथे नको.

वायूंचे रेणू याहून जास्त भटकतात, धाग्यावर आदळतातही. फक्त चिकटत नाहीत. त्यांच्यासाठी सच्छिद्र सक्रिय कोळसा लागतो, आणि तोही भरत जातो, म्हणून वेळेवर बदलावा लागतो.

‘थिएटरमधला एक दिवस म्हणजे अमुक इतक्या सिगारेटी’ हे वाक्य यंत्र विकणाऱ्यांचं लाडकं. त्यामागच्या १९८१च्या जपानी प्रयोगात धुराचा अर्क जिवाणूंवर टाकून त्यांच्यात किती उत्परिवर्तनं होतात ते मोजलं होतं. त्यावरून माणसाच्या फुप्फुसाचं भविष्य वर्तवणं म्हणजे पत्रिका मांडणंच झालं. बेंझीन आणि फॉर्माल्डिहाइड दोन्ही माणसात कर्करोग घडवणारे पदार्थ म्हणून सिद्ध आहेत, एवढं कारण पुरेसं नाही का?

उत्तम फिल्टरही धूर त्याच्यापर्यंत पोचला तरच उपयोगी. यंत्राची नळी सगळ्या बाजूंनी हवा ओढते, त्यामुळे तोंडापासून दूर जाताना ओढीचा वेग अंतराच्या वर्गाने घटतो: अंतर दुप्पट, वेग पाव. म्हणून नळीचं तोंड जखमेपासून ५ सेंटिमीटरच्या आत हवं. हल्ली ती कॉटरीच्या पेनालाच जोडलेली मिळते. आवाज होतो, हात जड होतो, अशा सर्जनच्या तक्रारी असतात. भिंतीतल्या साध्या सक्शनने थोडाच धूर निभावतो, कारण तिची ओढ रक्त-पाण्यासाठी बेतलेली असते. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्याने २०१८ मध्ये धूर ओढणारी यंत्रणा कायद्यानेच बंधनकारक केली.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत धूर पोटात साठतो. शेवटी झडप उघडून पोट फुगवायला भरलेला वायू तसाच खोलीत सोडला, तर साठलेला सगळा धूर एका झोतात टेबलाभोवतीच्यांच्या तोंडावर येतो. हा वायू फिल्टर लावलेल्या नळीतूनच काढायला हवा.