१२० ग्रॅमवरून ६० वर: हलक्या वायर्ड गेमिंग माउसची पार्श्वभूमी

वायर्ड गेमिंग माउस निवडताना आज सगळ्यात आधी वजन विचारलं जातं. ६९ ग्रॅमचा घ्यावा की ६१ चा, यावर तासन्‌तास खल होतो. पण काही वर्षांपूर्वीपर्यंत कंपन्या माउस जड करण्याची सोय विकत होत्या. लॉजिटेकच्या २००५ च्या जी५ सोबत धातूच्या छोट्या वजनांची डबी मिळायची आणि ती वजनं पोटात बसवून माउसचं वजन आणखी ३६ ग्रॅमपर्यंत वाढवता यायचं. २०१४ चा जी५०२ तर मुळातच १२१ ग्रॅमचा, तरी त्याच्यासोबत ३.६ ग्रॅमची पाच वजनं होतीच. हाताला भारदस्त लागतं ते दर्जेदार, असा तेव्हाचा समज.

हा समज आधी खेळाडूंच्या टेबलावर मोडला. काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या खेळात कसलेले खेळाडू सेन्सिटिव्हिटी (माउस जरा सरकवला की पडद्यावरची नजर किती फिरते ते प्रमाण) खूप कमी ठेवतात. खेळात पूर्ण गिरकी घ्यायला माउस ३०-४० सेंटिमीटर सरकवावा लागतो, म्हणजे नुसत्या मनगटाने भागत नाही, अख्खा हात फिरतो. पॅडची कड आली की माउस उचलायचा, हवेतून मागे आणायचा, टेकवायचा आणि पुन्हा ओढायचा. एका सामन्यात हे शेकडो वेळा होतं. १२० ग्रॅमचा माउस दुसऱ्या तासाला बोटांना जाणवू लागतो, आणि वेगात ओढलेला जड माउस नेमका लक्ष्यावर थांबवणं तर आणखी कठीण.

दुसरं कारण सेन्सर, म्हणजे माउसची हालचाल टिपणारा भाग. बरीच वर्षं माउसची पारख सेन्सरवरूनच व्हायची, कारण वेगात हात फिरवला की कित्येक सेन्सर गोंधळायचे आणि काही लेसर सेन्सर स्वतःहून प्रवेग मिसळायचे, म्हणजे हात वेगात फिरवला की नेम हव्यापेक्षा जास्त सरकायचा. पिक्सआर्ट कंपनीचा ३३६० हा सेन्सर आणि त्याची भावंडं आल्यावर चांगला सेन्सर जवळजवळ सगळ्यांच्या आवाक्यात आला. माझ्या मते वजनाची चढाओढ खऱ्या अर्थाने इथून सुरू झाली, कारण वेगळेपण दाखवायला दुसरं फारसं उरलंच नव्हतं.

२०१८ मध्ये फायनलमाउस कंपनीने कवचाला मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी भोकं पाडली आणि पुढे एअर५८ हे मॉडेल ५८ ग्रॅमवर आणलं. पण ते मर्यादित संख्येतच निघायचं आणि हाती लागणं अवघड होतं. २०१९ मध्ये ग्लोरियसचा ६७ ग्रॅमचा मॉडेल ओ आला, तेव्हा जाळीदार माउस सामान्य खेळाडूपर्यंत पोहोचला. त्याच वर्षी कूलर मास्टरचा एमएम७१० ५३ ग्रॅमपर्यंत उतरला, तर रेझरच्या वायपरने एकही भोक न पाडता ६९ ग्रॅम गाठले. घाम आणि धुळीचा विचार करता मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो. पुढच्या वर्षी आलेला वायपर मिनी तर ६१ ग्रॅमचा होता.

या सगळ्यात केबलकडे दुर्लक्ष व्हायला नको. माउस हलका झाला तशी जाड विणीची ताठ वायर खुपू लागली. ती टेबलाच्या कडेला घासते, घडी पडली की तिथेच वाकते आणि हलक्या माउसला मागे खेचते. यावर हौशी खेळाडूंनीच उपाय काढला. पॅराशूटची दोरी घ्यायची, तिच्या आतले धागे ओढून काढायचे आणि त्या पोकळ, लवचिक वेष्टनात माउसच्या बारीक तारा ओवायच्या. ही पॅराकॉर्ड केबल इतकी लोकप्रिय झाली की लवकरच कंपन्या तशीच मऊ केबल बसवून माउस विकू लागल्या. केबल वर उचलून धरणारा बंजी स्टँड लावला, तर वायर असल्याचा जवळजवळ विसर पडतो.

२०२० च्या अखेरीस लॉजिटेकचा वायरलेस सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आत आला आणि हलकेपणावरची वायर्डची मक्तेदारी संपली. तरी कमी किंमत, चार्जिंगची कटकट नसणं आणि लवकर मिळालेला ८००० हर्ट्‌झचा पोलिंग रेट यांवर वायर्ड टिकून राहिला. १००० हर्ट्‌झला माउस दर मिलिसेकंदाला संगणकाला खबर देतो, ८००० ला ०.१२५ मिलिसेकंदाला. मात्र त्याचा प्रोसेसरवर भार पडतो, त्यामुळे जुन्या संगणकावर १००० च बरा.

म्हणूनच आज दोन हलक्या माउसमधून निवडताना पाच-सात ग्रॅमच्या फरकावर अडून बसू नये. आकार आधी पाहावा. वायपर दोन्ही बाजूंनी सारखा आणि पाठीला बसका आहे, बोटांच्या टोकांनी किंवा पंजा करून धरणाऱ्यांना तो जमतो. अख्खा तळवा टेकवणाऱ्याला मात्र उजव्या हाताकडे झुकलेली, उंच पाठीची ठेवण लागते, मग ती दहा ग्रॅमने जड का असेना.