शाफ्टवरचं अक्षर आणि त्यामागचा इतिहास

गोल्फमध्ये चेंडू मारायच्या काठीला क्लब म्हणतात, आणि सर्वांत लांब फटक्याचा क्लब म्हणजे ड्रायव्हर. नवा ड्रायव्हर घ्यायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, रेग्युलर की स्टिफ? उत्तर बहुतेक वेळा वयावरून दिलं जातं, नाहीतर अहंकारावरून. चाळिशीतला धडधाकट माणूस ‘रेग्युलर’ म्हणायला कचरतो. पण शाफ्टवर छापलेल्या ज्या अक्षरावर (रेग्युलरचा आर की स्टिफचा एस) एवढं अडतं त्याचा नेमका अर्थ आजवर कोणी ठरवलेलाच नाही. नियमपुस्तकात क्लबची लांबी आहे, हेडचं, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या डोक्याचं, आकारमान आहे, शाफ्ट सरळ असावा हे आहे. तो किती ताठ म्हणजे ‘स्टिफ’, हे मात्र कुठेच नाही. शाफ्टच्या चाचण्यांचा इतिहास बऱ्याच अंशी ही पोकळी भरण्याच्या खटपटींचा आहे.

हिकरीच्या काळात हा प्रश्न नव्हता, कारण अक्षरच नव्हतं. अमेरिकेतून आलेलं लाकूड, ते तासणारा कारागीर आणि हातात घेऊन हलवून पाहणारा खेळाडू, एवढीच चाचणी. लाकूड वाकायचं तसं पिळायचंही, आणि एका झाडाचे दोन दांडे सारखे निघत नसत. म्हणून चांगला खेळाडू डझनावारी क्लब हाताळून आपला संच जमवायचा. 1930 साली त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकणारा अमेरिकन हौशी खेळाडू हिकरीनेच खेळत होता. त्याचा संच अनेक वर्षांनी यंत्रावर तपासला तेव्हा एक क्लब सोडून सगळे एका ओळीत बसले, आणि तो एकच क्लब त्याला कायम त्रास द्यायचा, अशी कथा क्लब बनवणाऱ्यांत आवडीने सांगितली जाते. तिच्यात मीठमसाला किती हे सोडा. पण नुसत्या हातालाही बरंच कळतं, एवढं त्यातून दिसतं.

स्टीलला अमेरिकेतल्या नियामक संस्थेने 1924 मध्ये मान्यता दिली, ब्रिटनमधल्या संस्थेने 1929 मध्ये. मधल्या पाच वर्षांत एकाच खेळाला दोन कायदे होते. ब्रिटनचे तेव्हाचे युवराज सेंट अँड्र्यूजला स्टीलचे क्लब घेऊन खेळले आणि मग बंदी टिकवणं अवघड झालं, असं सांगतात. 1931 च्या यूएस ओपनचा विजेता स्टीलवाला होता. हिकरीचा शेवटचा मोठा विजय 1936 च्या यूएस अमॅच्युअरमधला. त्या दशकातले कित्येक स्टील शाफ्ट तपकिरी वेष्टन चढवून लाकडासारखे दिसतील असे विकले जात. डोळ्यांना सवय लागायला वेळ लागतो.

स्टीलमुळे संच कारखान्यात बनू लागले. एकसारखे दांडे हवे तेवढे मिळायला लागल्यावर बॅगा फुगल्या, पंचवीस-तीस क्लब घेऊन खेळणारे दिसू लागले, आणि 1938 मध्ये अमेरिकेत व पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये 14 ची मर्यादा आली. हा भाग सर्वांना माहीत असतो. त्याच काळात घडलेली दुसरी गोष्ट कमी बोलली जाते: शाफ्ट बनवणारा आणि क्लब बनवणारा वेगळे झाले. नळीच्या कारखान्याला हजारो दांडे गठ्ठ्यांनी पाठवायचे होते. ते वेगळे ओळखण्यासाठी त्याला खूण हवी होती. एल, ए, आर, एस, एक्स ही अक्षरं त्या गरजेतून रुळली.

ही कारखान्याच्या सोयीची अक्षरं आहेत, हे लक्षात घेतलं की पुढचा गोंधळ उलगडतो. एल म्हणजे लेडीज, आर रेग्युलर, एस स्टिफ, एक्स एक्स्ट्रा स्टिफ. ‘ए’ मूळचा अमॅच्युअरचा असं मानतात. पुढे तो ज्येष्ठांसाठीचा फ्लेक्स, म्हणजे ताठपणाचा वर्ग, ठरला. कुणी त्याच फ्लेक्सला ‘एम’ म्हणतं, कुणी सरळ ‘सीनियर’ छापतं. त्यातून एस म्हणजे सीनियर समजून चुकीचा दांडा घरी नेणारेही होतात. लोक यावर हसतात, पण दोष त्या गिऱ्हाइकाचा नाही. एकाच पट्टीवर दोन अक्षरं दांड्याचा ताठपणा सांगतात, दोन माणसाचं वय किंवा लिंग सांगतात, आणि एक ‘नेहमीचा’ एवढंच म्हणतं. अशा पट्टीला माप म्हणणंच धाडसाचं आहे.

बरं, प्रत्येक उत्पादकाने तरी ही पट्टी एकाच जागी लावली का? तर नाही. एकाचा आर दुसऱ्याच्या एसइतका ताठ निघतो. एकाच उत्पादकाच्या दोन मालिकांमध्येही फरक असतो, कारण ज्येष्ठांसाठीच्या हलक्या मालिकेतला ‘स्टिफ’ आणि व्यावसायिकांसाठीच्या जड मालिकेतला ‘स्टिफ’ यांची गिऱ्हाइकंच वेगळी. अक्षर छापताना खरेदी करणाऱ्याला काय वाचायला आवडेल याचाही विचार होतो. थोडा मऊ दांडा ‘स्टिफ’ म्हणून विकला तर दोघेही खूश.

जुनी चाचणी साधी होती. दांड्याचं जाड टोक भिंतीवरच्या फळीत आवळायचं, बारीक टोकाला ठरावीक वजन अडकवायचं आणि तो किती खाली झुकला हे फळीवरच्या रेघांवर वाचायचं. यातून दांडा एकूण किती वाकतो ते कळतं, कुठे वाकतो ते नाही. 1970च्या दशकात वारंवारिता मोजण्याची पद्धत आली आणि क्लब बनवणाऱ्यांच्या एका पिढीचा डोक्याचा ताप बराच कमी झाला. ग्रिपकडचं टोक शिकंज्यात पाच इंच आवळायचं, हेड बोटाने खाली दाबून सोडायचं. हेड प्रकाशकिरणासमोर थरथरत वरखाली होतं आणि दोन सेकंदांत पडद्यावर आकडा येतो: 252. मिनिटाला 252 आवर्तनं. नेहमीच्या लांबीच्या ड्रायव्हरला 250 च्या आसपास बहुतेकांचा आर येतो, 260 कडे एस सुरू होतो. पण एकाच अक्षराचे, एकाच लांबीचे दोन दांडे एकामागोमाग लावून पाहिले तर दहा-बारा आवर्तनांचा फरक अगदी सहज दिसतो. म्हणजे जवळपास एक आख्खं अक्षर.

याच पद्धतीवर आधारलेल्या शाफ्टवर अक्षराऐवजी 5.5, 6.0, 6.5 असे आकडे छापले गेले. खरं तर इथे प्रश्न सुटायला हवा होता. पण दुकानदाराने गिऱ्हाइकाला काय सांगितलं? ‘6.0 म्हणजे स्टिफ.’ अक्षर मागच्या दाराने परत आत आलं.

वारंवारितेलाही मर्यादा आहेत, आणि तिचे भक्त त्या सांगायला विसरतात. शिकंजा ग्रिपच्या बाजूला असतो, म्हणून आकडा मुख्यतः तिथल्या ताठपणाचा येतो. टोकाचा भाग नरम असलेला आणि टोक दगडासारखं असलेला, असे दोन दांडे मशीनवर 255 च दाखवू शकतात. मैदानावर एकाचा चेंडू उंच जातो, दुसऱ्याचा खाली राहतो. यावर उतारा म्हणून दांड्याचा ताठपणा वरपासून खालपर्यंत ठिकठिकाणी मोजून त्याचा आलेख काढतात. माझ्या मते दोन शाफ्टची तुलना करायची तर यापेक्षा प्रामाणिक साधन नाही. पण आलेख नळीवर छापता येत नाही. अक्षर छापता येतं.

ग्रॅफाइट 1969 च्या सुमारास आलं. स्टीलचा दांडा साधारण 120 ग्रॅमचा, हा त्याहून कितीतरी हलका. पण सुरुवातीचे ग्रॅफाइट दांडे वाकण्यापेक्षा पिळण्यात हुशार होते. हेड उघडं राहायचं आणि चेंडू लांब जायचा खरा, पण शेजारच्या फेअरवेवर (दुसऱ्याच होलच्या गवताच्या पट्ट्यावर). ‘टॉर्क’ हा आकडा तेव्हापासून लोकांच्या तोंडी आला: टोकाला ठरावीक पीळ दिला तर दांडा किती अंश फिरतो ते. तंतूंचे थर तिरपे घालण्याचं तंत्र सुधारलं तसा तो आटोक्यात आला. तरी अविश्वास लवकर गेला नाही. 1997 ची मास्टर्स स्पर्धा 12 फटक्यांनी जिंकणाऱ्या एकवीस वर्षांच्या तरुणाच्या ड्रायव्हरलाही स्टीलचाच दांडा होता. आज ड्रायव्हरचे दांडे 50 ते 70 ग्रॅमचे असतात आणि स्टीलचा ड्रायव्हर दिसला तर लोक फोटो काढतात.

ग्रॅफाइटची पत्री गुंडाळून नळी केली की कुठेतरी तिचा पदर येतो. दांडा त्या बाजूला किंचित जास्त ताठ होतो. यालाच ‘स्पाइन’ म्हणतात. क्लब शिकंज्यात पाव फेरी फिरवून पुन्हा छेडला तर आकडा दोन-चारने बदलतो, आणि हेड सरळ वरखाली न होता लंबगोल फिरायला लागतं. नियम म्हणतो की दांडा कुठल्याही बाजूने सारखाच वाकला पाहिजे. मग स्पाइन शोधून दांडा ठरावीक दिशेला बसवणं नियमात बसतं का? निर्णय असा झाला की निर्मितीतला दोष झाकून सगळे क्लब एकसारखे व्हावेत म्हणून केलं तर चालेल, पण चुकलेला फटका सुधारावा म्हणून केलं तर नाही. एकच दांडा, एकच दिशा, आणि कायदेशीर की नाही हे बसवणाऱ्याच्या मनावर. मनातलं मोजायचा शिकंजा अजून निघालेला नाही.

1960च्या दशकात यांत्रिक हात आला. एका नामांकित खेळाडूचा स्विंग नमुना म्हणून घेऊन बनवलेल्या त्या यंत्राचं टोपणनाव ‘आयर्न बायरन’. ते दिवसभर एकसारखं मारतं, थकत नाही, चिडत नाही. चेंडू आणि हेड तपासायला उत्तम. शाफ्टच्या बाबतीत मात्र त्याचा हा गुणच आड येतो. माणूस दोन-चार फटक्यांत दांड्याशी जुळवून घेतो, नकळत मनगट उशिरा सोडतो. शिवाय चेंडूला लागण्याच्या क्षणी दांडा मागे नव्हे तर पुढे वाकलेला असतो, कारण हेडचं वजन दांड्याच्या रेषेत नसतं आणि वेगामुळे ते स्वतःला त्या रेषेत ओढू पाहतं. हे पुढे वाकणं किती, हे स्विंगच्या ढबीवर ठरतं. म्हणून ‘ताशी 95 मैल वेग म्हणजे स्टिफ’ हा तक्ता अर्धवट आहे. 95 मैलांचे दोघे असतात: एक वरून संथ खाली येतो, दुसरा झटका देतो. दोघांना एकच दांडा देणं म्हणजे दोघांची उंची सारखी म्हणून एकाच मापाचे बूट देणं.

लॉंच मॉनिटर आल्यावर वादाची जागा बदलली. 2000च्या दशकात डॉप्लर रडारवरची यंत्रं सरावाच्या मैदानांवर पोचली आणि चेंडूचा वेग, उडण्याचा कोन, फिरकी हे सगळं फटक्यागणिक समोर यायला लागलं. त्यात 2008 पासून नियम सैल झाले, हेडजवळच्या जोडाला स्क्रू आला आणि शाफ्ट बदलणं मिनिटाभराचं काम झालं. पूर्वी डिंक तापवून, हेड काढून, नवा दांडा चिकटवून रात्रभर ठेवावा लागे. दुसऱ्या दिवशी खेळाडूचा स्विंगही दुसराच असायचा. आता एका तासात सहा दांडे मारून पाहता येतात. चांगला फिटर, म्हणजे खेळाडूला क्लब जुळवून देणारा, शाफ्टवरची अक्षरं चिकटपट्टीने झाकतो, क्रम बदलतो आणि सर्वांत लांब गेलेला एक फटका बाजूला ठेवून बाकीच्यांचा पसारा पाहतो. क्लबच्या तोंडावर पावडर फवारून चेंडू कुठे लागला तेही पाहतो, कारण दांडा बदलल्याने पडलेला फरक कित्येकदा फक्त चेंडू मध्यावर लागू लागल्याचा असतो. अक्षर झाकल्यावर स्वतःला ‘एक्स’वाले समजणारे किती जण आर उचलतात, हा फिटर मंडळींचा आवडता विषय आहे.

हेडवरचे वाद याच काळातले, आणि बातम्यांत तेच गाजले: तोंडाच्या उसळीची 0.83 ची मर्यादा, 460 घनसेंटिमीटरचं आकारमान. त्यावर दोन नियामक संस्थांत काही वर्षं एकमतही नव्हतं. शाफ्टला यातून फारसं काही लागलं नाही. लागलं ते 2022 मध्ये, जेव्हा 48 इंचांची कमाल लांबी व्यावसायिक स्पर्धांपुरती 46 वर आणण्याची मुभा स्थानिक नियमाने मिळाली आणि मोठ्या टूर्सनी (व्यावसायिक स्पर्धामालिकांनी) ती वापरली. लांब दांडा वापरणारे मोजकेच होते. त्यांनी ग्रिपच्या बाजूने इंच-दोन इंच कापले. प्रत्येक इंचाला मशीनवरचा आकडा साधारण आठ-नऊने चढतो, म्हणजे दोन इंच कापले की दांडा एका अक्षराहून जास्त ताठ होतो. नळीवर छापलेलं अक्षर मात्र कापण्यापूर्वीचंच राहतं.