पार्श्वभूमी : मराठी कादंबरीतली टीका आणि सोलापूरची सेटलमेंट

1857 ची बाबा पद्मनजींची कादंबरी 'यमुनापर्यटन', पुढे 1890 नंतर साप्ताहिकातून क्रमशः आलेली हरिभाऊ आपट्यांची केशवपनाची कहाणी 'पण लक्षात कोण घेतो!', सुधारकांचे वाद हे सगळे शाळा-कॉलेजात होऊन गेलेले आहे; इथे ते उगाळत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की त्या कादंबऱ्यांतल्या समाजटीकेचा मुक्काम घरात होता. माजघर, सासर, मुलीचे लग्नाचे वय. सोलापुरात 1877 मध्ये पहिली गिरणी उभी राहिली, तेलंगणातून विणकर आले, पेठांची वस्ती बदलली. कादंबरीला मात्र पुढची पन्नास वर्षे भोंगा ऐकू आला नाही. नंतर गिरणी आली, तीही मुंबईची.

'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' हा वाद सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातले एक टोक, 'कला' वाले ना. सी. फडके, 1940 च्या रत्नागिरीच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदी होते, दुसरे, 'जीवन' वाले वि. स. खांडेकर, पुढच्याच वर्षी सोलापुरात. ज्या गावाने 1930 चा मार्शल लॉ पाहिला, 12 जानेवारी 1931 ला ज्याची चार माणसे फासावर गेली, त्या गावाला 'जीवन' वाले अध्यक्ष मिळाले, हे शोभून दिसले. पण दोन्ही बाजूंच्या कादंबऱ्या उघडल्या तर नायक साधारण एकाच थरातले निघतात. एक प्रेमात रमतो, दुसरा ध्येयात. याच 'जीवन' पक्षाच्या लेखकाची भोगवादावरची सर्वांत गाजलेली टीका 1959 मध्ये आली, ती 'ययाति' या पौराणिक राजाच्या तोंडून. 1974 चे ज्ञानपीठ तिच्याच लेखकाला मिळाले. मोठी कादंबरी आहे, यात शंका नाही. पण राजाच्या आडून बोलले की आजच्या कुणाला थेट झोंबत नाही, हेही खरे.

झोंबणे म्हणजे काय ते त्याआधीच दिसले होते. 1933 मध्ये एका लेखिकेने (पुढच्या मालती बेडेकर) 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने कथासंग्रह काढला आणि पुढच्या वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी. नवऱ्याने टाकलेली बाई दुसऱ्या पुरुषाबरोबर लग्नावाचून राहते, एवढा विषय. पांढरपेशा महाराष्ट्र पेटून उठला. हे लिहिणारी आहे तरी कोण, की बाईच्या नावाने कुणी पुरुषच लिहितो आहे, यावर खल चालला. मजकुरापेक्षा नावाचा शोध अधिक हिरिरीने झाला. टोपणनाव घेणे हा भित्रेपणा होता असे तेव्हा म्हटले गेले आणि अजूनही कुणी म्हणते. मला ते पटत नाही. मुलींच्या शिक्षणात काम करणाऱ्या बाईने त्या काळी स्वतःच्या नावावर हे छापले असते, तर नोकरीचे काय झाले असते, याचा हिशेब टीकाकारांनी मांडलेला दिसत नाही.

पुढे याच लेखिकेने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या सरकारी वसाहतींचे, म्हणजे सेटलमेंटचे, काम पाहिले. त्या अनुभवातून 1950 मध्ये 'बळी' ही कादंबरी आली. तारेचे कुंपण, हजेरी, पास काढल्याशिवाय बाहेर पाऊल नाही, जन्मतःच कपाळावर गुन्ह्याचा शिक्का. सोलापूरकराला हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. गावात सेटलमेंट होती, तिथली माणसे गिरण्यांत राबत होती आणि 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आजही पाकिटावर लिहिला जातो. माझ्या मते नैतिक टीका म्हणून 'बळी' ही 'हिंदोळ्यावर'हून जड आहे, कारण तिच्यात आरोपी सरकार आहे, कायदा आहे आणि कुंपणाबाहेर निर्धास्त झोपणारा वाचकही आहे. तरी 1934 सारखा गदारोळ तिच्यावर झाला नाही. घरातल्या बाईने उंबरा ओलांडला की संस्कृती बुडते. हजारो माणसे तारेआड कोंडली तर ती व्यवस्था. 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर तीच राहिली.

साठच्या दशकात भाषा मोकळी झाली, अश्लीलतेचे खटले झाले. दिवाळी अंकातल्या एका कथेचा खटला तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 1969 मध्ये निर्दोष सुटला. मात्र तोही वाद पुन्हा शरीराचाच.

कुंपणाआडची माणसे स्वतः लिहू लागली ती 1980 च्या आसपास, आणि त्यांनी कादंबरी घेतली नाही, आत्मकथन घेतले. 1980 ला कैकाडी समाजातले लक्ष्मण मान्यांचे 'उपरा', 1987 ला उचल्या म्हणून हिणवलेल्या समाजातले लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या', मध्ये 1984 ला आपल्याच अक्कलकोट तालुक्यातल्या दलित तरुणाचे, शरणकुमार लिंबाळ्यांचे, 'अक्करमाशी'. ही पुस्तके कादंबरीच्या परंपरेत धरावीत का, यावर अभ्यासक भांडत राहिले. कल्पित पात्राच्या आड उभे राहण्याची सवलत या लेखकांनी नाकारली होती, त्यामुळे कादंबरीचे जुने मापदंड त्यांना लावून फार काही हाती लागत नाही. अक्कलकोटचे लिंबाळे पुढे कादंबरीकडे वळले. त्यांच्या जातिव्यवस्थेच्या इतिहासावरच्या कादंबरीला 2020 चा सरस्वती सन्मान मिळाला.

यंत्रमाग आणि विडी यांची बाजू अजून लंगडी आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत झाली, तिची बातमी देशभर गेली, कादंबरी मात्र तिथवर पोचलेली नाही. सोलापूरच्या पूर्वभागातल्या विणकराचे घर मराठीत आले, तेही एका तेलुगूभाषक लेखकाच्या आत्मचरित्रातून.