जागं ठेवणारं पुस्तक, झोपवणारं पुस्तक

लहान मुलासाठी ज्यू चित्रपुस्तक निवडायला गेलं की समोर हनुक्काच हनुक्का दिसतो. आठ रात्रींचे दिवे, तळलेले बटाट्याचे लाटके, टेबलावर गरगरणारा भोवरा. वास्तविक ज्यू पंचांगात हा तसा धाकटा सण. तो अमेरिकेत एवढा थोर झाला याचं कारण धर्मापेक्षा डिसेंबर महिन्यात आहे. शेजारच्या घरी ख्रिसमसचं झाड उभं राहतं, आणि मग आपल्या पोराला दाखवायला आपल्याकडेही काहीतरी हवंच. पुस्तकांचा बाजार त्याच मागणीवर पोसला गेला.

या पुस्तकांचं मूळ मात्र हनुक्कात नाही, पेसाह या सणाच्या रात्रीच्या विधिवत जेवणात, म्हणजे सेडरमध्ये आहे. त्या रात्री मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची गोष्ट सांगायची, आणि ती मुलाने विचारल्यावर सांगायची, असा दंडक आहे. घरातलं सगळ्यात धाकटं मूल विचारतं, ‘ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का?’ अडचण एवढीच की विधी लांबतो आणि धाकटं मूल पेंगतं. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, अकिवा पेसाहच्या संध्याकाळी मुलांना भाजलेलं धान्य आणि अक्रोड वाटत, म्हणजे ती झोपणार नाहीत आणि प्रश्न विचारतील, अशी आठवण तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथात नोंदलेली आहे. पुढे त्या रात्रीच्या पोथीत, म्हणजे हग्गादामध्ये, चित्रं आली. ती मोठ्यांसाठीही होती, पण अक्रोडांचं काम त्यांनीही केलं असणार. साधारण 1300 च्या सुमाराची दक्षिण जर्मनीतली एक हग्गादा आज जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे. तिच्यातल्या बहुतेक माणसांना पक्ष्यांची डोकी आहेत. का, यावर विद्वान अजून भांडतात. पाच वर्षांच्या मुलाला त्या वादाशी काय करायचंय. त्याला विचारायला प्रश्न मिळाला.

या साखळीत आपलं पुणंही येतं. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या समाजासाठी मराठी भाषांतर असलेली हग्गादा मुंबईत 1846 मध्ये शिळाप्रेसवर छापली गेली. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादामध्ये चित्रंही आहेत, आणि त्यातल्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका खाली बसून बेखमीर भाकरीचं काम करताना दिसतात. जमिनीवर बसण्याची ती पद्धत कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरातली. पुस्तकात आपली आई दिसली पाहिजे, असं आज बालसाहित्याच्या चर्चांत तावातावाने सांगितलं जातं. या छापखान्याने ते गाजावाजा न करता केलं होतं.

सेडरच्या शेवटी गायचं एक गाणं आहे, ‘हाद गाद्या’, म्हणजे एक करडू. बापाने दोन नाण्यांना घेतलेलं करडू मांजराने खाल्लं, मांजराला कुत्रा चावला, कुत्र्याला काठीने मारलं, काठी आगीने जाळली, आग पाण्याने विझवली, पाणी बैल प्यायला, आणि साखळी अशी वाढत थेट मृत्यूच्या देवदूतापर्यंत आणि शेवटी देवापर्यंत जाते. मुलांना शेवटपर्यंत बसवून ठेवणारं गाणं. 1919 मध्ये कीव्हमध्ये एल लिसित्स्की या चित्रकाराने त्याचं पुस्तक केलं. ज्या प्राण्याचा जो रंग, त्याच रंगात त्याचं नाव ओळीत छापलं, म्हणजे अक्षर न येणारं मूलही बोट ठेवून ‘वाचू’ शकेल. प्रकाशक होती यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेच्या, संस्कृतीसाठी झटणारी ‘कुल्तुर लिगे’ ही संस्था. प्रती निघाल्या फक्त 75, आणि पुढच्याच वर्षी संस्थेचा ताबा बोल्शेविकांकडे गेला. रंगाची ही युक्ती मला आजच्या पुष्कळ गुळगुळीत पुस्तकांपेक्षा हुशार वाटते.

अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबांची मुलं इंग्रजीत वाढू लागली तेव्हा घरात सांगायच्या गोष्टी इंग्रजीत हव्या झाल्या. सेडी रोज वाइलरस्टीन यांचा अंगठ्याएवढा मुलगा क’टॉन्टन 1935 मध्ये पुस्तकरूपात आला. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, मासळीचा खिमा करायला काढलेल्या सुरीवर तो घोड्यासारखा बसतो आणि फजिती करून घेतो. शब्बाथ म्हणजे काय, हे कोणी समजावत नाही. ते स्वयंपाकघरातच कळतं. निवड करताना मी हीच कसोटी लावतो. सणाचं नाव झाकलं तरी गोष्ट उभी राहते का? बऱ्याच पुस्तकांत नाव झाकलं की उरते ती फक्त माहितीपत्रिका.

लेखिका सिडनी टेलर यांच्या मुलीची तक्रार वेगळी होती: पुस्तकांतली मुलं नेहमी ख्रिस्तीच का? आईने मग न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडवरच्या स्वतःच्या लहानपणीच्या, पाच बहिणींच्या गोष्टी सांगितल्या. नवऱ्याने ते हस्तलिखित तिच्या नकळत स्पर्धेला धाडलं आणि 1951 मध्ये पुस्तक निघालं. ते चित्रपुस्तक नाही, थोड्या मोठ्या मुलांचं आहे. पण ज्यू घर हे ज्यू संस्थेबाहेरच्या प्रकाशकाकडून सगळ्या मुलांसमोर आलं. त्यातली आई बैठकीच्या खोलीत बटणं लपवते, म्हणजे मुली ती शोधता शोधता धूळ नीट पुसतील. ही युक्ती कुठल्याही धर्माच्या आईला पटेल. ज्यू ग्रंथपालांच्या संघटनेचा वार्षिक पुरस्कार आज टेलर यांच्याच नावाने दिला जातो आणि त्यात चित्रपुस्तकांसाठी वेगळा गट आहे. निवडीची सुरुवात त्या यादीपासून केली तर वेळ वाया जात नाही.

1970 च्या दशकात मेरीलँडमधल्या दोन आयांना लहान मुलांना झेपेल अशी हग्गादा हवी होती. मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच केली, आणि त्यातून 1975 मध्ये ‘कार-बेन’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. नाव त्यांच्या दोन मुलांच्या नावांवरून. म्हणजे पुन्हा तीच रात्र, तीच पेंगणारी पोरं.

मुख्य प्रवाहातले मानही दरम्यान मिळत गेले. एरिक किमेल यांनी लिहिलेलं आणि ट्रिना शार्ट हायमन यांनी चित्रं काढलेलं हर्शेल आणि हनुक्काच्या पिशाचांचं पुस्तक 1989 चं. त्यात हर्शेल उकडलेलं अंडं दगड म्हणून मुठीत चुरडतो आणि पिशाच घाबरतं. तेही हनुक्काचंच, मान्य. पण या पुस्तकाला मी माफ करतो. सिम्स टॅबक यांच्या जोसेफच्या ओव्हरकोटाला अमेरिकेत चित्रपुस्तकांना दिलं जाणारं 2000 चं कॅल्डेकॉट पदक मिळालं. कोट झिजतो, त्याचं जाकीट होतं, मग आणखी लहान काहीतरी, शेवटी बटण. आणि पानांना खरीखुरी भोकं पाडलेली असल्यामुळे मूल पुढच्या पानावरचं कापड आधीच चाचपून बघतं.

2005 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात हॅरॉल्ड ग्रिनस्पून यांच्या प्रतिष्ठानने पीजे लायब्ररी सुरू केली. कल्पना गायिका डॉली पार्टन यांच्या मोफत पुस्तकयोजनेवरून घेतलेली, आणि पीजे म्हणजे पायजमे. आता पुस्तक जागं ठेवण्यासाठी नव्हतं, झोपवण्यासाठी होतं. दर महिन्याला ते घरपोच आणि फुकट येतं, आणि ज्या घरात आईबापांपैकी एकच ज्यू आहे तिथेही येतं. म्हणून वेष्टणाच्या दुमडीवर पालकांसाठी चार ओळी छापलेल्या असतात: हा शब्द काय, ही रीत कुठली. एकच गिऱ्हाईक एवढ्या प्रती घेऊ लागलं की प्रकाशक त्याच्या आवडीकडे बघतच पुस्तकं काढणार, आणि ही काळजी निराधार नाही.

नाझी छळाच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. अशी चित्रपुस्तकं आहेत, काही चांगलीही आहेत. पण वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय हा विषय सहावी इयत्ता आणि पुढच्या मुलांसाठी योग्य मानतं. पातळ आणि रंगीत आहे म्हणून चार वर्षांच्या मुलासाठी उचलू नये.

अलीकडे पूर्व युरोपापलीकडची घरंही पानांवर येऊ लागली आहेत. 2017 च्या एका हनुक्काच्या पुस्तकात आईकडून भारतीय असलेल्या घरात लाटक्यांऐवजी डोसे होतात. बेने इस्राएल घरांत मराठी नावांचे सण आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. त्यांच्यावर चित्रपुस्तकं करायची तर शीर्षकं शोधायची गरज नाही, आणि पहिलं चित्र पुण्यात 1874 मध्येच छापून झालेलं आहे.